दोन भोकं, एक बटण

फोरमन कुणाचंच ऐकत नाहीत असं त्यांच्या घरात सगळे म्हणायचे, आणि ते अगदी शब्दशः खरं होतं. पस्तीस वर्षं छापखान्यात रोटरी मशीनला खेटून उभं राहिल्यामुळे त्यांच्या कानांचे बारा वाजले होते. डाव्या कानाने त्यांच्याआधीच निवृत्ती घेतली होती आणि उजवा लहर येईल तेव्हा कामावर यायचा. मुलीने हट्टाने आणून दिलेलं कानाचं मशीन कपाटाच्या खणात, चष्म्याच्या एका जुन्या डबीत पडून होतं. एकदाच दोन तास घालून त्यांनी ते काढून ठेवलं होतं. "कानात बसून कुणी सतत कागद चुरगळतंय असं वाटतं," एवढं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला होता.

त्यांची बायको टेलिफोन एक्स्चेंजमधली. तीस वर्षं डोक्यावर हेडफोन चढवून तिने गावोगावची माणसं एकमेकांना जोडून दिली, म्हणून शेजारीपाजारी सगळे तिला ऑपरेटरबाई म्हणत. फोरमनही म्हणत. त्यांचं लग्नच मुळी त्या एक्स्चेंजमुळे झालं. छापखान्यातून कागदाच्या गिरणीला बाहेरगावचा कॉल बुक करायचं काम तेव्हा तरुण फोरमनकडे होतं. फोन उचलला की पलीकडून आवाज यायचा, "नंबर सांगा." मागे मशीन धडधडत असलं तरी तो आवाज कसा कोण जाणे, सरळ कानात उतरायचा. होता होता फोरमन गरज नसतानाही कॉल बुक करायला लागले. शेवटी गिरणीचा मॅनेजर वैतागला. "अहो, तुमचा कागद परवाच पाठवलाय, रोज कसली चौकशी?" त्यावर ऑपरेटर मध्येच हसली, आणि त्या हसण्याचा धागा पकडून फोरमननी चार महिन्यांत लग्न जमवलं.

ऑपरेटरबाईंना पार्किन्सन झाला तेव्हा त्या बासष्टच्या होत्या. उजवा अंगठा आणि शेजारचं बोट आपोआप एकमेकांवर घासायला लागलं, चिमटीत काहीतरी बारीक गोळी वळत असल्यासारखं. पहिली पाच-सहा वर्षं औषधांवर छान गेली. मग औषधं दगा द्यायला लागली. एका गोळीचा असर आधी चार तास टिकायचा, मग तीन, मग जेमतेम दोन. गोळी चढली की अंग वेडंवाकडं नाचायचं, उतरली की सगळं शरीर लाकूड व्हायचं. आता बाई त्र्याहत्तरच्या होत्या आणि दिवसाला अकरा वेळा गोळ्यांचा गजर वाजत होता. तो गजर फोरमनना ऐकू येत नसे, म्हणून ते घड्याळाकडे डोळे लावून बसत.

रोज सकाळी ते बायकोच्या स्वेटरची बटणं लावत. सूप भरवत. झोपेत तिला कूस बदलायची असली की ती त्यांच्या दंडाला कोपर लावायची आणि ते उठून तिला वळवत. या कशाबद्दलही त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती एकाच गोष्टीची, आणि ती त्यांनी कुणापाशी बोलून दाखवली नव्हती. या आजाराने बाईंचा आवाज खाल्ला होता. वर्षागणिक तो बारीक होत गेला आणि आता ओठ हलताना दिसायचे, बाकी शुकशुकाट.

"चहा गार झालाय," बाई म्हणायच्या.

"कोण ठार झालंय?" फोरमन दचकून विचारायचे.

बाई कपाळाला हात लावायला जायच्या, आणि हात थरथरत भलतीकडेच जायचा. मग दोघंही हसायची. पण अशी हसू येणारी वेळ दिवसातून एखादीच. एरवी बाईंनी काही बोलायचं, फोरमननी अंदाजाने "हो हो" म्हणायचं, आणि बाईंनी मान दुसरीकडे फिरवायची, असंच चालायचं.

ऑपरेशनचं मुलीने काढलं. ती दुसऱ्या गावी शाळेत शिकवायची, बसने तीन तासांवर. कुठूनशी सगळी माहिती जमवून ती आली आणि आईबापांना घेऊन मोठ्या इस्पितळात गेली. तिथल्या मेंदूच्या डॉक्टर तरुण होत्या. केस करकचून बांधलेले, पायात पळायचे बूट. बोलताना त्या समोरच्याच्या हाताकडे बघत.

त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. डोक्याच्या हाडाला दोन बाजूंना दोन छोटी भोकं पाडायची. त्यातून मेंदूत खोलवर, हालचालींचा ताल बिघडवणाऱ्या जागेपर्यंत, दोन बारीक तारा सोडायच्या. त्या तारा कातडीखालून मानेवरून खाली आणून गळ्याच्या हाडाखाली बसवलेल्या बॅटरीला जोडायच्या. मग तिथून दिवसरात्र हलका करंट.

"आणि आजार बरा होतो?" फोरमननी विचारलं.

"नाही, काका. आजार तिथेच राहतो. त्याचा त्रास कमी होतो."

त्या दिवशी बाईंना आदल्या संध्याकाळपासून गोळ्या बंद ठेवायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी त्यांना बोटं टिचकवायला लावली, मुठी उघडझाप करायला लावल्या, खुर्चीतून उठायला सांगितलं. बाई तीनदा पुढे झुकल्या आणि तीनदा मागे बसल्या. मग गोळी दिली आणि तासाभराने तेच सगळं परत. या वेळी बाई उठल्या, व्हरांड्यातून चालत गेल्या आणि परतही आल्या.

डॉक्टरांनी आकड्यांची बेरीज केली आणि त्या खूश झाल्या. "गोळीने जे सुधारतं, ते साधारणपणे या तारांनीही सुधारतं. फरक एवढाच की गोळी येते आणि जाते, करंट टिकून राहतो. काकूंची स्मरणशक्ती आणि हृदय चांगलं असेल तर त्र्याहत्तर वय मला आड येत नाही. पण धोका आहे. शंभरात एखाद-दोघांना रक्तस्राव होतो. जखम चिघळू शकते. या वयात काही दिवस माणूस गोंधळल्यासारखाही होतो. हे सगळं घरी बसून नीट बोला."

स्मरणशक्तीची परीक्षा दुसऱ्या खोलीत झाली. पाच शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करत जा, घड्याळ काढा. बाईंनी पाचही शब्द सांगितले आणि वर तपासणाऱ्या मुलीला तिचा स्वतःचा फोन नंबर म्हणून दाखवला. मगाशी तिने कुणाला तरी तो सांगितला होता, तेवढ्यात बाईंनी टिपला होता.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "काकू, ऑपरेशनमधून तुम्हाला काय हवंय? तीन गोष्टी सांगा."

बाई कुजबुजल्या. मुलीने कान जवळ नेला आणि मोठ्याने सांगितलं, "स्वेटरची बटणं स्वतः लावायची. सूपचा चमचा न सांडता तोंडात घालायचा. आणि कुणाला न उठवता कूस बदलायची."

फोरमन वाट बघत होते. चौथी गोष्ट आली नाही.

"आणि आवाज?" ते म्हणाले. "आवाजाचं काय?"

डॉक्टरांनी आता हाताकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "आवाज सुधारेल असं मी म्हणणार नाही, काका. तोल आणि आवाज, या दोन गोष्टींना याचा फारसा उपयोग नाही. उलट आवाज कधीकधी अजून खाली जातो."

त्या दिवसापासून फोरमन ऑपरेशनच्या विरुद्ध गेले.

कारणं त्यांनी पुष्कळ दिली. या वयात डोक्याला भोकं कसली पाडताय? छापखान्यात असतानाचा त्यांचा एक दोस्त साध्या मोतीबिंदूला गेला आणि आठवडाभर तापला. शिवाय चाललंय की सगळं, मी आहे ना? मुलगी फोनवर समजावत राहिली, पण फोनवर फोरमनना जे सोयीचं नसे ते कधीच ऐकू येत नसे. शेवटी शनिवारची बस पकडून ती येऊन थडकली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघांच्या मधोमध बसली.

बाई काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतेय?" फोरमन.

"आई म्हणतेय, भोकं माझ्या डोक्याला पडायचीत, ओरडताय तुम्ही."

"मी ओरडत नाहीये!" फोरमन ओरडले.

बाई पुन्हा बोलल्या. या वेळी जरा जास्त वेळ. मुलीने ऐकलं आणि टेबलावरचे चमचे नीट लावायला घेतले.

"अगं सांग की!"

"ती म्हणतेय," मुलगी म्हणाली, "तुम्हाला माझ्या आवाजाची भीती वाटतेय. उरलासुरला तोही जाईल म्हणून."

फोरमन टेबलावरची साखरेची बरणी फिरवत राहिले. एक फेरा, दोन फेरे. छापखान्यात कुणी त्यांची चूक पकडली की ते असंच हातात काहीतरी घेऊन फिरवत बसायचे.

"मग?" ते म्हणाले. "वाटू नये?" आणि थोडं थांबून, बरणीकडेच बघत, "सगळी दुनिया बंद झाली तरी चालेल मला. मला दुसरं काही ऐकायचंच नाहीये."

मुलगी उठून उगीचच पाणी प्यायला गेली. बाईंनी आपला उजवा हात टेबलावर पुढे सरकवला. तो थडथडत होता, टेबलावरचे चमचे त्याने वाजत होते. मग त्या फोरमनच्या उजव्या कानापाशी झुकल्या आणि सगळा जीव एकवटून बोलल्या.

"आवाज तुम्हाला हवाय. हात मला हवेत. रोज सकाळी तुम्ही बटणं खालून लावायला घेता आणि वरचं एक उरतं. मग पुन्हा सगळी काढता. पाच वर्षं मी काही बोलले नाही."

फोरमननी हे अख्खं ऐकलं. आधी त्यांना हसू फुटलं, मग त्यांनी नाक पुसलं. "तरीच," ते म्हणाले. "तरीच मला वाटायचं, एक बटण जास्त कसं?"

सोमवारी त्यांनी स्वतः इस्पितळात जाऊन तारीख घेतली.

ऑपरेशनच्या दिवशी बाईंचं डोकं भादरलं. फोरमन आत गेले तेव्हा त्या पलंगावर बसल्या होत्या, डोक्याला धातूची चौकट स्क्रूने घट्ट बसवलेली. ती बसवताना नुसती जागा बधिर करतात, माणूस जागाच असतो. फोरमन चौकटीचा एकेक स्क्रू बघत राहिले.

"छापखान्यात असं एक मशीन होतं," ते शेवटी म्हणाले. "कागद हलू नये म्हणून."

बाई हसल्या. चौकट असल्यामुळे मान हलली नाही, नुसते डोळे हसले.

मग सहा तास. बाहेरच्या हॉलमध्ये हिरव्या खुर्च्या होत्या, एकमेकींना लोखंडी पट्टीने जोडलेल्या. एका टोकाला कुणी बसलं की दुसऱ्या टोकाचा माणूस हलायचा. मुलगी वह्या तपासायला घेऊन बसली होती आणि एकच वही पुन्हा पुन्हा तपासत होती. फोरमन भिंतीवरच्या सूचना वाचत होते. तिसऱ्या सूचनेत छपाईची चूक होती. एरवी त्यांनी ती कुणाला तरी दाखवलीच असती.

उंच, वाकून चालणारे सर्जन बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, "झालं. दोन्ही तारा जागेवर आहेत. बॅटरीही बसवली. भारी गप्पिष्ट आहेत तुमच्या बाई."

"कोण गप्प?" फोरमन खुर्चीतून अर्धे उठले.

"गप्पिष्ट, बाबा! बोलक्या!" मुलगी त्यांच्या कानात ओरडली, आणि रडायलाच लागली.

आत काय झालं ते बाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, मुलीच्या मार्फत. तार आत सरकवताना डॉक्टर मेंदूतल्या पेशींचा आवाज स्पीकरवर ऐकत होते. "जुन्या ट्रंक लाइनची खरखर असायची ना, थेट तशी. पाऊस पडत असला की जशी यायची. आधी शांत, मग बारीक सर, मग एकदम गलका. मी म्हटलं सर्जनना, लागली बघा लाइन, आता बोला. ते म्हणाले, तुम्हाला कसं कळलं? म्हटलं, तीस वर्षं दुसरं केलं काय?"

आणि खरंच, हात थांबला होता! बॅटरी अजून चालूसुद्धा केलेली नव्हती, तरी बाईंचा उजवा हात चादरीवर शांत पडून होता. फोरमन त्या हाताकडे बघत बसून राहिले. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः चमचा उचलला आणि फोरमननी शेजारच्या मास्तरांना बोलावून आणून तो सोहळा पुन्हा करून दाखवायला लावला.

सहाव्या दिवशी अंगठा हलला. संध्याकाळपर्यंत सगळा हात पूर्वीसारखा थडथडायला लागला.

फोरमन खचले. ते जेवलेही नाहीत. बाई त्यांना काहीतरी सांगत होत्या, पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि ते "हो हो" करत होते. शेवटी मुलीचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. "बाबा, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं! तार घातल्यामुळे आत थोडी सूज येते, त्या सुजेनेच काही दिवस बरं वाटतं. सूज उतरली की ते जातं. खरं काम बॅटरी चालू केल्यावर. आई तुम्हाला हेच सांगतेय सकाळपासून!"

फोरमननी फोन ठेवला आणि बाईंकडे बघितलं. बाईंनी भुवया वर केल्या, आणि त्या भुवयांना जे म्हणायचं होतं ते ऐकायला कान लागत नव्हते.

चौथ्या आठवड्यात बॅटरी चालू करायला गेले. टाके सुकले होते आणि डोक्यावर पांढरे खुंट उगवले होते. डॉक्टरांनी बाईंच्या गळ्याच्या हाडाखाली एक चपटं यंत्र धरलं आणि टेबलावरच्या पडद्यावर करंट दशांशादशांशाने वाढवायला घेतला. हाताला मुंग्या आल्या, गेल्या. अजून थोडा. अंगठा मंदावला. अजून थोडा. आणि वाऱ्याने हलणारं पान वारा पडल्यावर थांबावं तसा तो हात थांबला.

बाईंनी स्वेटरला हात घातला. वरचं बटण. मग त्याखालचं. मग त्याखालचं. पाचही बटणं लावून त्यांनी फोरमनकडे असं पाहिलं की फोरमननी छापखान्यातल्यासारखा दोन्ही अंगठे वर करून इशारा दिला. "मशीन ओके!"

"काकू, आता आठवड्याचे वार म्हणा," डॉक्टर म्हणाल्या.

बाईंनी म्हणायला सुरुवात केली आणि जीभ अडखळली. मंगळवार आणि बुधवार एकमेकांत मिसळले. आवाज जड, घोगरा, जणू तोंडात घास आहे. डॉक्टरांनी करंट खाली आणला तसे वार सुटे झाले, पण अंगठाही हलायला लागला. पुन्हा वर नेला, हात थांबला, जीभ जड झाली.

"हे हळूहळू जुळवता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "महिने लागतात. पण आज घरी जाताना कशावर ठेवू?"

फोरमननी तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंनी शांत हात वर केला आणि त्याच्याकडे बोट दाखवलं.

पुढचे पंधरा दिवस घरात बाई सगळं स्वतः करू लागल्या. चमचे, बटणं, कूस बदलणं. गोळ्या कमी झाल्या, अंगाचा नाच थांबला. आणि फोरमनना त्यांचं एक अक्षर कळेना. जे आधी बारीक होतं ते आता बारीक आणि जाड दोन्ही झालं. ते पूर्वीसारखेच मान डोलवत राहिले. एका सकाळी बाई आंघोळीला जाताना काहीतरी म्हणाल्या, ते म्हणाले "हो हो," आणि वर्तमानपत्र वाचत बसले. वीस मिनिटांनी दूध आटून पातेलं काळं ठिक्कर पडलं, घरभर धूर.

बाई बाहेर आल्या. पातेल्याकडे पाहिलं, फोरमनकडे पाहिलं. मग टेबलाशी बसल्या, मुलीची राहिलेली एक वही ओढली आणि लिहायला लागल्या. गेली कित्येक वर्षं त्यांचं अक्षर मुंगीएवढं झालेलं होतं, ओळीच्या शेवटी तर अगदी नाहीसंच व्हायचं. आता त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं आणि पान फाडून फोरमनच्या पुढ्यात ठेवलं.

"मी डोक्याला दोन भोकं पाडून घेतली. तुम्ही कानात एक बटण घाला."

फोरमननी ते दोनदा वाचलं. आयुष्यभर त्यांनी लाखो पानं तपासली होती, पण या पानात काढायला चूक नव्हती. ते उठले, कपाटाचा खण उघडला आणि चष्म्याची डबी काढली.

मशीनची बॅटरी संपलेली होती. ती आणायला ते तसेच घरातल्या चपलांवर बाजारात गेले. परत येऊन मशीन कानात घातलं आणि खुर्चीत बसले. कागद चुरगळायला लागले. फ्रिज घुरघुरला. शेजारच्या मास्तरांच्या घरी कुणीतरी फरशीवर खुर्ची ओढली. मग स्वयंपाकघरातून सपातांची सरसर आली आणि तिच्यावर एक घोगरा, सावकाश आवाज.

"पातेलं घासायचं कुणी? माझ्या बापाने? वर्तमानपत्र वाचतो की पाठ करतो, देव जाणे हा माणूस."

"मी घासतो," फोरमन म्हणाले.

सपाता दाराकडे वळल्या. मग बाई दारात आल्या. "ऐकू आलं?"

"आलं."

"आधीचं पण?"

"तू रोज अशीच बोलतेस का?"

"रोज," बाई म्हणाल्या. "चार-पाच वर्षं झाली."

तो आवाज पूर्वीचा नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी नंबर विचारणाऱ्या मुलीशी त्याचं काही नातं लागत नव्हतं. त्यात खरखर होती आणि शब्दांना मध्येच धाप लागायची. पण बोलणं तिचंच होतं, तेच टोमणे, तोच ठेका. फोरमन पातेलं घासत बसले आणि बाई मागे उभ्या राहून कुठे घासलं नाही ते सांगत राहिल्या. त्यांनी मुद्दामच थोडं कमी घासलं.

पुढे डॉक्टरांकडे पाच-सहा फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी तारेवरची थोडी वेगळी जागा, थोडा वेगळा करंट. शेवटी डॉक्टरांनी बाईंच्या हातात एक छोटा रिमोट दिला आणि त्यात दोन कार्यक्रम बसवून दिले, एक हाताचा आणि एक बोलण्याचा. लिहायचं, शिवायचं, जेवायचं असलं की पहिला. गप्पा मारायच्या असल्या की दुसरा, मग हात थोडा हलेना का. फोरमनना वाटलं होतं, रिमोट आपल्याकडे राहील. त्यांनी तसं सुचवूनही पाहिलं. बाईंनी तो स्वेटरच्या खिशात घातला आणि खिशाचं बटण लावलं.

सगळंच काही सुधारलं नाही. तोल गेला तो गेलाच. थंडीत बाई न्हाणीघराच्या दाराशी पडल्या आणि मनगट महिनाभर पट्टीत राहिलं. अकरा वेळच्या गोळ्या पाच वेळांवर आल्या, शून्यावर नाही. तीन-चार वर्षांनी बॅटरी बदलावी लागेल, तेव्हा पुन्हा टाके. आणि आजार आतल्या आत आपल्या गतीने पुढे सरकतोच आहे, हे डॉक्टर कधी लपवत नाहीत.

ऑपरेशनला वर्ष होऊन गेल्यावर एका दुपारी बाई म्हणाल्या, "मी वाचनालयात जाऊन येते. एकटी." वाचनालय दहा मिनिटांच्या अंतरावर. त्यांनी काठी घेतली, खांद्याला पिशवी लावली आणि निघाल्या. फोरमन "बरं" म्हणाले, शंभरपर्यंत आकडे मोजले आणि वीस पावलांचं अंतर ठेवून मागे निघाले.

चांभाराच्या दुकानापर्यंत सगळं ठीक होतं. तिथे बाई थांबल्या. मागे बघायचं तर नुसती मान वळवून त्यांना जमत नसे, तोल जायचा. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे त्या काठी टेकून छोटी छोटी पावलं टाकत जागच्या जागी गोल फिरल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. तेवढ्या वेळात पळून जाता आलं असतं, पण फोरमनना ते सुचलं नाही. ते भिंतीवर चिकटवलेली एक जाहिरात मन लावून वाचायला लागले.

"ती मागच्या वर्षीची आहे," बाई म्हणाल्या.

"हो का? मला वाटलं..."

"काय वाटलं?"

फोरमननी पुन्हा जाहिरातीकडे पाहिलं. बाईंनी खांद्यावरची पिशवी काढून पुढे धरली.

"ही घ्या. आणि मागून येऊ नका, शेजारून चाला. मला सारखं वळून भांडता येत नाही."

फोरमननी पिशवी घेतली आणि शेजारी आले. चालताना बोलायचं नाही, एका वेळी एकच काम, असं बाईंना बजावलेलं होतं. त्यामुळे काही बोलायचं असलं की त्या थांबत, बोलणं पुरं करत आणि मगच पुढचं पाऊल टाकत. आणि त्या दिवशी त्यांना बोलायचं पुष्कळ होतं. दहा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागला.